गोपिकाचा राहिलेला प्रवेश

“सूर ऐकू आला का थांबायचं. लोक किती का हसून राहिले असो, थांबायचं. हशा काही तुह्या घरचा नाही, नाटकाचा आहे.”

रुपराव हे नव्या नटांना सांगायचे. दिवाळीआधी तालमी सुरू झाल्या, की पहिल्या दिवशी, पहिल्या चहाच्या आधी. एवढं एक वाक्य सांगताना ते हसत नसत, आणि न हसणारे रुपराव पाहून नवी मंडळी जरा घाबरत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई देवापुढे वाती वळत बसल्या असताना तो आवाज अगदी कानाशी बोलला. त्यांनी हातातली वात तशीच धरून ठेवली, मग पुन्हा वळायला घेतली. गेलेल्या माणसाचं बोलणं असं मधेच ऐकू येतं. त्याचं काही करायचं नसतं.

झाडीपट्टीच्या नाटकात कॉमेडियनला एक काम जास्तीचं असतं. आत कुणाला चक्कर आली, कुणी वाक्य विसरलं, पडदा अडकला, की त्यानं बाहेर उभं राहून वेळ काढायची. लिहिलेलं नाही ते बोलायचं. आतली अडचण सरली की विंगेतून हात दिसे, आणि स्टेजसमोर बसलेला ऑर्गनवाला वरच्या पट्टीत एक लांब सूर दाबी. लोकांना तो संगीताचाच भाग वाटे. नटाला कळे, आतलं माणूस तयार आहे, आता निघायचं. रुपराव ठवकरांच्या कंपनीत ही रीत चाळीस वर्षं चालली. घरातल्या पोरांनी मात्र ती कधी शिकून घेतली नाही, कारण रुपरावांनी पोरांना स्टेजवर येऊच दिलं नाही. एकाला बँकेत घातलं, एकीला प्राध्यापक केलं.

बँकेतला तो सुशील. मनीषनगरच्या त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आज सगळे जमले होते. पुढच्या रविवारी रुपरावांची पहिली पुण्यतिथी होती, हॉल ठरला होता, स्मरणिका छापायला जायची होती. बाहेरच्या खोलीत सुशील लॅपटॉप उघडून बसला होता. त्याची बहीण कामिनी पत्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन दिवाणावर बसली होती. खुर्चीवर आनंदराव होते, कंपनीचे जुने ऑर्गनवाले, लकडगंजहून सकाळीच ऑटो करून आलेले. सुशीलची बायको वंदना आत-बाहेर करत होती. आणि स्वयंपाकघरात जमिनीवर पाट टाकून रुपरावांची धाकटी बहीण गोपिका पुऱ्या लाटत होती. ती कळमेश्वरहून पहिल्या बसने आली होती आणि आल्याआल्या तिने पदर खोचून पीठ मागितलं होतं.

प्रेमिलाबाई देवाचं आटोपून दारातल्या स्टुलावर येऊन बसल्या. तिथून दोन्ही खोल्या दिसत.

“आई, ऐक,” कामिनी म्हणाली. “वडशाहून कोणीतरी लिहिलं आहे. ‘रुपरावजी गेले तेव्हापासून नाटक वेळेवर संपते. फार वाईट वाटते.’”

आनंदराव खुदकन हसले. सुशीलही हसला. “हे टाकू. हे छान आहे.”

“अन् हे? हे गुरुजी आहेत, नाटक लिहायचे. ‘माझ्या नाटकात रुपराव यांना घरगड्याची भूमिका दिली होती. तिसऱ्या अंकापर्यंत ते घराचे मालक झाले. माझे एकही वाक्य त्यांनी जसेच्या तसे म्हटले नाही. लोक त्यांना प्रतिभावान म्हणतात. मी त्यांना अतिक्रमण म्हणतो.’”

“हे नको,” सुशील म्हणाला.

“काहून नको?”

“पुण्यतिथी आहे, कामिनी. नगरपालिकेची तक्रारपेटी नाही.”

“मग सगळे गोड बोलणारेच घ्याचे का? अर्धी झाडीपट्टी बाबाले शिव्या देत होती, अन् बाबाले माहीत होतं. ते स्वतःच म्हणायचे, अर्धे मले पाहाले येतात अन् अर्धे मी कधी जातो ते पाहाले.”

“ते म्हणायचे. आपण कायले छापाचं?”

प्रेमिलाबाई ऐकत होत्या. ही दोन पोरं लहानपणापासून अशीच. बाप घरी आला की सुशील त्याच्या पिशवीला लोंबकळायचा, आणि कामिनी लांब उभी राहून विचारायची, आज कोणाची नक्कल केली. एकाच घरात दोन प्रकारचे प्रेक्षक वाढले, असं रुपराव म्हणत, आणि दोघांसाठी वेगळं वेगळं बोलत. त्यांच्याकडे तेवढं बोलणं होतं.

“हे घे मग,” कामिनीने तिसरा कागद काढला. हा तिने जरा हळू वाचला. “‘माझे वडील वारले त्याच्या पंधराव्या दिवशी मित्रांनी मला ओढून नाटकाला नेलं. मी रुपरावांना पाहून हसलो. गावानं मला नाव ठेवलं, घरच्यांनी बोलणं टाकलं. पण त्या दिवशी घरी येऊन मी दोन भाकरी खाल्ल्या.’”

वंदना पाण्याचा ग्लास घेऊन उभीच राहिली.

“हे पहिल्या पानावर,” सुशील म्हणाला, आणि कामिनीने मान हलवली. एवढ्यावर दोघांचं जुळलं.

मग सुशीलने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून काहीतरी दाबून ठेवलेलं होतं. “आता मुख्य. आनंदकाकांनी मागच्या महिन्यात जी कॅसेट देली होती ना, ती साफ करून आणली. आपल्या हॉलमध्ये शेवटी हीच लावाची. पंचवीस मिनिटं. लाइट बंद, फक्त बाबांचा आवाज.” तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, “आत्या, ये वं. तुझीच कॅसेट आहे. सेफ्टीपिनवाली.”

आतून गोपिका हसली. “लावा, लावा. मले ऐकू येते इथून.”

सेफ्टीपिनवाली रात्र घरात सगळ्यांना पाठ होती. चोवीस वर्षांपूर्वी, साकोलीकडच्या एका गावात. नाटकात गोपिका घरची थोरली सून होती, आणि शेवटच्या अंकात सासऱ्यापुढे घराच्या किल्ल्या ठेवून ती घर सोडते असा तिचा बारा मिनिटांचा प्रवेश होता. लेखकाने तो तिच्यासाठीच लिहिला होता. ऐनवेळी गोपिका सगळं विसरली, आत घामाने भिजून बसली, आणि दादानं बाहेर पंचवीस मिनिटं एकट्यानं नाटक तोलून धरलं. बहिणीची अब्रू वाचवली. लग्नात, बारशात, कुणी विचारो न विचारो, ही गोष्ट निघायची. नातवंडं गोपिकाला पिनआजी म्हणत. तीही हसून ओ द्यायची. त्या सीझननंतर तिने तोंडाला रंग लावला नव्हता.

सुशीलने बटण दाबलं.

आधी लोकांचा गलबला. मग रुपरावांचा तो घरगड्याचा आवाज, नाकातून येणारा, थोडा चढा:

“मालक, बाईसाहेब येऊनच राहिल्या. येऊनच राहिल्या. साडीले पिन लावून राहिल्या. एक पिन लागली. दुसरी लागली. अजी, हसता काय, तुमच्या घरच्यांनी कधी साडी नेसली नाही काय? … आता चौथी. ही चौथी अंगठ्यात गेली.”

हशा. पिना सातपर्यंत गेल्या. मग लोकांत एक वेगळीच खसखस सुरू झाली आणि रुपरावांचा आवाज खाली आला, जसा एखाद्या वडीलधाऱ्यासमोर येतो.

“या. या, बसा.”

“कुत्रा,” सुशील वंदनाला म्हणाला, जणू ती पहिल्यांदाच ऐकत होती. “स्टेजवर कुत्रा आला खरोखर.”

“तुले पार्ट कोणी देला गा? मॅनेजरनं? कोणत्या अंकात आहेस? … पाठ केलं का? नाही? एक वाक्यही नाही? मंग तू मोठा नट आहेस. मी तीस वर्षं झाले, मलेही पाठ नाही. … काय हुंगून राहिला? हा मालकाचा सोफा आहे. मांडववाल्याचा. सकाळी वापस द्याचा आहे, काही करू नको त्याच्यावर.”

हशा इतका मोठा की आवाज फाटला. आनंदरावही हसले आधी. वंदना पदर तोंडाला लावून हसली. कामिनीने हसायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं, पण सोफ्यापाशी तिचंही सुटलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी लिहिलं नव्हतं. एक माणूस, एक कुत्रा आणि भाड्याचा सोफा. तेवढ्यावर त्याने एक संसार उभा केला: कुत्र्याला सासरा केलं, सोफ्याला सासुरवाडी केली, पुढे बसलेल्या सरपंचाला वऱ्हाडी केलं, आणि दर दोन मिनिटांनी विंगेकडे पाहून विचारत राहिला, बाईसाहेब, कितवी पिन?

प्रेमिलाबाई हसत नव्हत्या. त्या रात्री त्या बायकांच्या मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांनी काहीतरी मोजलं होतं. आज ते त्या जागी ऐकू येत नव्हतं. हशा चढायचा, उतरायचा, आणि जिथे ते यायला हवं तिथे नुसतीच एक बारीकशी पोकळी येऊन जायची, जशी भिंतीवरची तसबीर काढल्यावर राहते.

आनंदरावांनी खुर्ची पुढे ओढली. कान लॅपटॉपजवळ नेला. बराच वेळ ऐकलं.

“सुशील,” ते म्हणाले, “यात मी नाही.”

“म्हणजे?”

“मी कुठं गेलो यातून? मी वाजवलं होतं. कॅसेटमध्ये होतो मी. घरी ऐकून मगच तुले देली.”

“ते होय,” सुशील समजावत म्हणाला. “काका, मधेमधे ऑर्गनची पीं-पीं येत होती. तीन ठिकाणी. बाबांचं बोलणं दबून राहिलं होतं त्याच्यात. स्टुडिओतल्या पोट्ट्याले सांगून काढून टाकली. तुमचं गाण्याचं म्युझिक आहे ना तसंच, पुढं येते.”

आनंदराव मागे टेकले. त्यांनी सुशीलकडे पाहिलं नाही. दारातल्या स्टुलाकडे पाहिलं.

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं होतं.

“काय झालं?” सुशीलने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “आई, काही चुकलं का? कायची होती ती पीं-पीं? तुले माहीत आहे?”

चातुर्मासात प्रेमिलाबाई दरवर्षी काहीतरी सोडत. कधी वांगी, कधी गादी, एका वर्षी चहा. यंदा त्यांनी खोटं बोलणं सोडलं होतं. देवळातल्या बायका म्हणाल्या, तुम्ही बोलताच किती, की त्यात खोटं असणार? त्यांनाही नेम सोपाच वाटला होता. आषाढापासून आत्तापर्यंत एकदाही अडलं नव्हतं. कारण अडलं की गप्प बसायचं, हे त्यांना येत होतं. गप्प बसण्यावर कुठल्या नेमाचं बंधन नव्हतं. आत्ताही गप्प बसता आलं असतं. सुशीलने खांदे उडवले असते, जेवणं झाली असती, आणि पुढच्या रविवारी पाचशे माणसांसमोर गोपिका पुन्हा एकदा पंचवीस मिनिटं विसरली असती. कायमची. कारण आता ते सूरही राहिले नव्हते.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तो थांब म्हणाचा सूर होता.”

“कोणाले?”

“तुह्या बाबाले. आतलं माणूस तयार झालं का आनंदरावभाऊ सूर देत. मग निघाचं असे.”

“तीन वेळा?” कामिनी म्हणाली. तिला लगेच समजलं. तिला नेहमी लगेच समजे.

“तीन वेळा. पहिला सूर सहा-सात मिनिटांनीच आला होता.”

सुशील हसला. “आई, तू काहीही. ऑर्गन आहे तो, वाजला असेल.”

“मीच दाबला,” आनंदराव म्हणाले. “विंगेत मॅनेजरचा हात दिसला, मी दाबला. तो नाही थांबला. मले वाटलं ऐकू नाही आलं, हशा बम मोठा होता. दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा मग कोपराने दाबला, चांगला जोरात. रुपरावनं माह्याकडे पाहिलं अन् डोळा मारला. पब्लिक त्याच्यावरही हसली.”

“तुम्ही कधी बोलले नाही, काका.”

“कोणी विचारलं नाही. अन् तो मालक होता, मी ऑर्गनवाला.” मग म्हणाले, “कॅसेट देली तेव्हा वाटलं, ऐकाल तर कळेल. तुमाले कळणार नाही हे ध्यानातच नाही आलं. घरची पोरं तुम्ही.”

“मूळचं लाव,” कामिनी म्हणाली.

सुशील हलला नाही. लॅपटॉपवर त्याचा हात पालथा पडून होता. मग वंदनाने ओट्यावरचा आपला मोबाइल उचलला. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याच्या शब्दापुढे शब्द टाकलेला प्रेमिलाबाईंनी पाहिला नव्हता. “माझ्यात आहे मूळचं. यांनी पाठवलं होतं जपून ठेवाले,” ती म्हणाली, आणि लावलं.

त्यात खरखर होती, लाउडस्पीकरची शिट्टी होती. पिना सातपर्यंत गेल्या. कुत्रा आला. आणि मग एक लांब, सरळ सूर. कुणाच्याही कानातून सुटला नसता.

गोपिका दारात येऊन उभी राहिली होती. हाताला पीठ. अठ्ठावन्न वर्षांची, केस पुढून पांढरे, डोळ्यांवर शिवणकामाचा जाड चष्मा. दुसरा सूर आला तेव्हा तिने वंदनाला हाताने खूण केली. मोबाइल बंद झाला.

“मले माहीत आहे,” ती म्हणाली. “मी तिथंच तर उभी होती.”

“आत्या, तुले माहीत होतं?” सुशील म्हणाला. “मग तू काहून नाही सांगितलं कधी?”

“काय सांगू? विसरली तर मी होतीच. पाच मिनिटं डोक्यात पांढरं झालं होतं, नाव आठवत नव्हतं माझं मले. मग आठवलं सगळं. उभी राहिली विंगेत. दादानं पाहिलं माह्याकडे, चांगलं पाहिलं. अन् वापस कुत्र्याकडे वळला.” ती बोटांचं पीठ काढत होती. “मले वाटलं, दादाले माह्या तोंडावरून कळलं असेल, इले काही जमत नाही. म्हणून नाही थांबला. दादाले जे दिसे ते मले थोडंच दिसत होतं. त्याले नाही वाटलं, म्हणजे नसतंच जमलं. मग मी गेली तं लोक पिना मोजून राहिले होते. चार वाक्यं म्हटली अन् किल्ल्या ठेवून पळाली. मंग म्हटलं, दादा बराबर होता.”

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की पहिल्यांदा कुणालाच त्याचं वजन कळलं नाही. प्रेमिलाबाईंना कळलं. चोवीस वर्षं त्यांनी ही गोष्ट एका नटाची हाव म्हणून मनात ठेवली होती, घरातल्या घरात झाकायची. गोपिकाने तिकडे, कळमेश्वरात, ती आपल्याविरुद्धचा निकाल म्हणून ठेवून घेतली होती. दोघींचं ते गप्प बसणं एकमेकींना कधी भेटलंच नव्हतं.

“गोपिका, तसं नव्हतं वं ते,” त्या म्हणाल्या.

“तुमाले काय माहीत, वहिनी?”

“त्यांनीच सांगितलं. गेल्याच्या गेल्या मे महिन्यात. गॅलरीत आंबा चोखून राहिले होते. काही विषय नव्हता. म्हणे, गोपीचा प्रवेश मी खाल्ला. म्हटलं, कसा? म्हणे, पोट्टी तयार उभी होती. पदर खोचून, किल्ल्या हातात घेऊन, एकदम बाई दिसत होती त्या घरची. म्हटलं, मंग थांबले काहून नाही?”

“काय म्हणाला?”

प्रेमिलाबाईंना बदलून सांगता आलं असतं. “म्हणे, कुत्रा चांगला चालला होता.”

कामिनीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. ती हसत होती की काय, तिचं तिलाच कळत नव्हतं. आनंदरावांनी मान खाली घातली, आणि त्यांचेही खांदे हलले. असा तो माणूस होता. त्याची ती बाजूही त्यानेच जमवलेल्या वाक्यात सांगावी लागत होती.

“आई, बस झालं,” सुशील उठून उभा राहिला. “त्यांच्या पुण्यतिथीले तू हे काढून राहिली. वर्षभर बोलली नाही, अन् आता.”

“तू विचारलं म्हणून सांगितलं.”

“विचारलं तं विचारलं. लोक काय म्हणतील बाबाले? बहिणीचा पार्ट खाणारा?”

“दादा,” कामिनी म्हणाली, “आधी काय म्हणत होते? तेच म्हणतील. अर्धे हे, अर्धे ते.” आणि मग ती असं बोलली, जे तिच्या तोंडून कुणी अपेक्षिलं नव्हतं. “पण ते पंचवीस मिनिटं खोटे नाहीत ना होत त्यानं. आत्ता आपण हसलोच ना? मी हसली. बाबा मोठाच होता. अन् त्यानं आत्याचं वाट्टोळं केलं. दोन्ही एकाच रात्री. मी आजपर्यंत एकच धरून बसली होती.”

सुशील गॅलरीत जाऊन उभा राहिला.

गोपिका अजून दारातच होती. “वहिनी,” ती म्हणाली, “पदर खोचून म्हणाला?”

“हव.”

“बाई दिसत होती म्हणाला? त्या घरची?”

“तसंच म्हणाले.”

तिने मान हलवली. बाकी कशाचं तिला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. निदान चेहऱ्यावर तरी. ती पुन्हा पाटावर जाऊन बसली, लाटणं घेतलं, आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “सुशील, लाव तू कॅसेट. लावू नको म्हणत नाही मी. पण सूर वापस घाल. अन् आत्या विसरली होती हेही सांग, विसरली होतीच. किती वेळ विसरली, तेवढं बराबर सांग म्हणजे झालं.”

वंदनाने तेल तापत ठेवलं.

जेवताना बोलणं पुरीवर झालं, पातळ भाजीत मीठ थोडं कमी आहे यावर झालं, आनंदरावांच्या गुडघ्यावर झालं. प्रेमिलाबाई एकवेळ जेवत, त्या सगळ्यांचं झाल्यावर बसल्या. वाढायला गोपिकाच थांबली.

“तो प्रवेश आठवते का वं तुले अजून?” प्रेमिलाबाईंनी विचारलं.

“आठवते? मी म्हणते ना रोज. मशीनवर बसली का म्हणते. मशीन चालू असली का कोणाले ऐकू जात नाही. यांनाही वाटते, बाई जप करून राहिली.” ती हसली. “बारा मिनिटात एक ब्लाउजची बाही होते.”

“ऐकला कोणी कधी?”

“कोण ऐकते, वहिनी.”

“मी येते ऐकाले.”

गोपिकाने पुरी ताटात ठेवली आणि पाहिलं. वहिनी लग्न होऊन आली त्या दिवसापासून आजपर्यंत एकटी कुठे गेल्याचं तिला आठवत नव्हतं. दादाच्या नाटकालाही ती बायकांच्या घोळक्यात, मागे बसायची.

“कधी?”

“मंगळवारी. सकाळी.”

“मंगळवारी उपास राहते तुमचा.”

“उपासात कान बंद राहत नाहीत.”

“खरंच येता, का म्हणाचं म्हणून म्हणता?”

प्रेमिलाबाईंनी घास खाली ठेवला. “सध्या मले म्हणाचं म्हणून म्हणता येत नाही,” त्या म्हणाल्या.

सोमवारी सुशीलने सुट्टी टाकली. दिवसभर तो कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत बसून होता. कामिनीचा दोनदा फोन आला, त्याने उचलला नाही. दिवेलागणीला प्रेमिलाबाई तुळशीपाशी दिवा लावून वळल्या, तर तो मागे उभा होता. डोळे लाल होते.

“आई, तिसऱ्या सुरानंतर बाबा थांबले आहेत. एक सेकंद. थोडा जास्तच असेल. मी आठ वेळा ऐकलं. श्वास घेतला अन् थांबले. मंग पुन्हा सुरू केलं.”

“थांबले असतील,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे त्यांच्या मनात आलं होतं.”

त्यांनी त्यावर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मनात काय आलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं बोलण्याची सोय यंदा नव्हती.

“मूळचंच लावतो,” सुशील म्हणाला. “खरखरीसकट.”

“बरं.”

मंगळवारी त्यांची पूजा नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आटोपली. माळ झाली, नैवेद्याची साखर वाटीत ठेवली, देव्हाऱ्याचं दार लोटलं. सुशील आंघोळीला गेला होता. वंदना डबा भरत होती. तिने सासूच्या पायांतल्या चपला पाहिल्या, हातातली कापडी पिशवी पाहिली, आणि काही विचारायच्या आत फ्रिजवरून दोन केळी काढून पिशवीत टाकली.

“बसस्टँडवर सोडून द्याले सांगू का यांना?”

“नको. जाते मी.”

खाली रस्त्यावर शाळेच्या गाड्यांची गर्दी होती. ऑटोवाल्याने कुठं म्हणून विचारलं, त्यांनी कळमेश्वरची बस लागते तिथं म्हणून सांगितलं, आणि तो हळू घेईना म्हणून एकदा हळू घे म्हणूनही सांगितलं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरने तिकीट फाडून दिलं, ते त्यांनी रुमालाच्या गाठीत बांधलं. बस हलली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, गोपिकाचं नाटक किती वाजता सुरू होणार हे विचारायचं राहूनच गेलं. मग वाटलं, आपण पोचलो की सुरू होईल.